बायोप्सीच्या रिपोर्टातली शेवटची ओळ

प्रश्न: माझे बाबा ५६ वर्षांचे आहेत. दिग्रस तालुक्यात आमची सात एकर कोरडवाहू शेती आहे. चार महिन्यांपासून त्यांचे पाय सुजतात, लघवीला फेस येतो. तपासण्यांत चोवीस तासांच्या लघवीत ६.२ ग्रॅम प्रोटीन, अल्ब्युमिन २.४ आणि क्रिएटिनिन १.१ निघालं. किडनीची बायोप्सी केली. रिपोर्टात ‘मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी, पीएलए२आर पॉझिटिव्ह’ असं आहे आणि सगळ्यात खाली ‘योगायोगाने आढळलेला पॅपिलरी अॅडेनोमा, सुमारे २ मिमी, इमेजिंगशी पडताळावे’ अशी एक ओळ आहे. गावात म्हणतात गाठ म्हणजे कॅन्सरच, आता सुई टोचली म्हणून तो पसरणार. एका नातेवाइकाने किडनी काढून टाका म्हटलं. बाबांनी जेवण सोडलंय. किडनीच्या गोळ्याही आम्ही थांबवल्यात, आधी गाठीचं बघू म्हणून. एमआरआयसाठी नागपूरला जायचं का?

उत्तर:

भाऊ, आधी बाबांना जेवायला बसवा आणि थांबवलेल्या गोळ्यांबद्दल आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करा. २ मिलिमीटरचा पॅपिलरी अॅडेनोमा म्हणजे कॅन्सर नाही. याला पुढे एक ‘पण’ आहे, तो मी लपवणार नाही. मात्र तो लहान आहे आणि बहुतेकांच्या बाबतीत एका नीट केलेल्या सोनोग्राफीत मिटतो.

आपल्याकडे ‘गाठ’ हा एकच शब्द सगळीकडे राबतो. पाठीवरची चरबीची गाठ, काखेतली गाठ, गळ्यातली गाठ आणि कॅन्सरचीही गाठच. ‘अमक्याले गाठ निघाली म्हणे’ एवढं बोलून पारावरची माणसं गप्प होतात, त्या गप्प होण्यातच निदान होऊन जातं. तुमच्या घरी तेच झालेलं दिसतं.

प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणीला जोडलेली एक बारीक नागमोडी नळी. नळीला आतून पेशींचा एकेरी थर. एखाद्या जागी या पेशी जरा जास्त वाढतात, बोटांसारखे इवले कोंब काढतात आणि तेवढ्यावर थांबतात. हा झाला पॅपिलरी अॅडेनोमा. तो दुखत नाही, लघवी अडवत नाही, दुसऱ्या अवयवात जात नाही. शवविच्छेदनात मुद्दाम शोधलं तर चाळिशीच्या आतल्या सुमारे १० टक्के आणि सत्तरीपुढच्या ४० टक्क्यांपर्यंत लोकांत असा एखादा तरी सापडतो. म्हणजे एसटीच्या थांब्यावर दहा म्हातारे बसले असतील तर त्यांतल्या तिघाचौघांच्या किडनीत तो असेल. जुन्या आजाराने आक्रसलेल्या किडनीत आणि बरीच वर्षं डायलिसिसवर असलेल्यांत प्रमाण आणखी जास्त. कुणाला पत्ता नसतो, कारण त्यांच्या किडनीत कुणी सुई घालून बघितलेलं नसतं.

बाबांच्या किडनीत घातली. तुम्ही तेव्हा दाराबाहेर असाल, म्हणून आत काय होतं ते सांगतो. पेशंटला पालथं झोपवून पोटाखाली उशी देतात. सोनोग्राफीवर किडनीचं खालचं टोक धरतात, कातडी बधिर करतात, ‘श्वास रोखा’ म्हणतात आणि स्प्रिंगच्या सुईचा खट् असा आवाज येतो. त्या आवाजाने माणूस दचकतो, दुखण्याने तेवढा नाही. बाहेर येतो तो शेवईचा तुकडा वाटावा असा धागा, जाडी जेमतेम एक मिलिमीटर, लांबी दीड-दोन सेंटिमीटर. असे दोन तुकडे घेतो. मी ते ओल्या गॉझवर ठेवून भिंगातून बघतो, लालसर ठिपके दिसले की समजायचं गाळण्या आल्या. एक तुकडा फॉर्मेलिनमध्ये जातो, दुसरा इम्युनोफ्लोरेसन्ससाठी, म्हणजे चमकत्या रंगाने प्रतिपिंडं शोधायच्या तपासणीसाठी, वेगळ्या द्रवात. अख्खी किडनी दहा-अकरा सेंटिमीटरची, आणि तिच्या वतीने साक्ष देणार हा शेवईचा तुकडा.

बाजार समितीत सोयाबीन नेल्यावर व्यापाऱ्याचा माणूस पोत्यात पोकळ सळई खुपसतो, आलेले दाणे तळहातावर पसरतो आणि त्यावर भाव बोलतो. सळईत एक काळा दाणा आला तर तुम्ही म्हणता, योगायोग. तो म्हणतो, पोत्यात असे किती आहेत कोण जाणे. दोघांचंही खरं असू शकतं. तुमच्या रिपोर्टातल्या ‘पडताळावे’ या शब्दाचा अर्थ एवढाच आहे. एक मिलिमीटरची सुई नेमकी दोन मिलिमीटरच्या ठिपक्यावर पडली. हा निव्वळ योगायोग असेल. किंवा असे ठिपके किडनीत बरेच असतील, म्हणून एक लागला. किंवा सुई एखाद्या मोठ्या गाठीच्या कडेला घासून गेली असेल आणि आपल्याला फक्त कड दिसली असेल. पहिली शक्यता सर्वांत मोठी. तिसरी फार कमी, पण तिच्यासाठीच तपासणी करायची.

हा प्रश्न का उभा राहतो, तर पॅपिलरी अॅडेनोमा आणि त्याच जातीचा कमी तीव्रतेचा कॅन्सर, या दोघांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारख्याच दिसतात. फरक ठरतो आकारावर आणि भोवती कवच आहे की नाही यावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात आधी ५ मिलिमीटरपर्यंतच्याच वाढीला अॅडेनोमा म्हणत. २०१६ पासून ती मर्यादा १५ मिलिमीटर केली, मात्र पेशी सौम्य हव्यात आणि कवच नको. आता सुईच्या तुकड्यात कवच कसं दिसणार आणि पूर्ण आकार कसा मोजणार? म्हणून शहाणा पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारा डॉक्टर, अॅडेनोमा लिहितो आणि पुढे पडताळा म्हणतो. ती ओळ पाहून मला उलट बरं वाटलं. स्लाइड नीट बघितलेली आहे.

पॅथॉलॉजिस्टना एक प्रश्न जरूर विचारा, किंवा तुमच्या डॉक्टरांना विचारायला सांगा. त्या धाग्यात अॅडेनोमाच्या दोन्ही बाजूंना साधी किडनी दिसते का, की अॅडेनोमा तुकड्याच्या टोकालाच तुटलाय? दोन्हीकडे साधी किडनी असेल तर सुईच्या वाटेवर तरी तो दोन मिलिमीटरमध्ये संपला. टोकाला तुटला असेल तर पुढे किती आहे ते तुकडा सांगू शकत नाही. हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत.

आता नागपूरचं. लगेच एमआरआय नको, हे माझं मत. दोन मिलिमीटरचा ठिपका एमआरआयलाही बहुतेक दिसणार नाही आणि आपल्याला तो बघायचाही नाही. आपल्याला मोठं काही नाही एवढी खात्री हवी. यवतमाळला मेडिकल कॉलेजात किंवा तुम्हाला जवळ पडेल तिथे रेडिओलॉजिस्टकडून दोन्ही किडन्यांची सोनोग्राफी करा. सोबत बायोप्सीचा रिपोर्ट न्या आणि ‘कुठल्या बाजूची बायोप्सी झाली, काय शोधायचंय’ हे चिठ्ठीवर लिहून घ्या. घाईतल्या सोनोग्राफीत ‘दोन्ही किडन्या नॉर्मल’ अशी छापील ओळ येते, ती आपल्याला पुरणार नाही. बायोप्सीनंतर किडनीभोवती थोडं रक्त साचलेलं दिसू शकतं, त्याला नवी गाठ समजू नका.

काही दिसलं नाही तर मी सहा महिन्यांनी आणि मग वर्षाने सोनोग्राफी करतो, बस. काही दिसलं किंवा रेडिओलॉजिस्टला शंका आली तर सीटी. बाबांचं क्रिएटिनिन १.१ आहे, म्हणजे किडनीचं गाळायचं काम ठीक आहे, त्यामुळे काँट्रास्टची, म्हणजे सीटीसाठी शिरेतून देतात त्या औषधाची, भीती फार नाही. पण त्या आठवड्यात कंबरदुखीच्या गोळ्या अजिबात नकोत आणि लघवीच्या गोळ्यांचं काय करायचं ते आधी विचारा. सीटी, एमआरआय किंवा औषधांपैकी काय महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून विचारा. गावात बसून चर्चा करू नका.

दोन्ही किडन्यांत बऱ्याच गाठी दिसल्या, किंवा घरात भाऊ, काका, आजोबा यांपैकी कुणाला किडनीचा कॅन्सर झालेला असेल तर गोष्ट वेगळी. आनुवंशिक प्रकार असतो, त्याची तपासणी वेगळी.

आपल्या भागात आणखी एक विचारावं लागतं, सिकलसेल, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या होणारा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे तर मी पहिल्याच भेटीत विचारतो. सिकलसेलचा वाहक असलेल्या तरुण माणसाच्या लघवीत रक्त जात असेल आणि किडनीच्या आतल्या भागात गाठ असेल तर एक फार विरळ पण अत्यंत घातक कॅन्सर मनात ठेवावा लागतो. तुमच्या बाबांचं वय आणि रिपोर्ट त्याच्याशी जुळत नाही. पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचं जुळत असेल, म्हणून लिहिलं.

सुईने पसरण्याची भीती जवळपास प्रत्येक घरात असते. किडनीच्या खऱ्या कॅन्सरमध्ये सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याच्या नोंदी आहेत, पण त्या विरळ. आणि इथे तर पसरण्याचा गुणच नसलेली वाढ आहे. किडनी काढण्याबद्दल एवढंच, की ज्यांच्या दोन्ही किडन्यांतून प्रोटीन गळतंय त्यांची एक किडनी दोन मिलिमीटरसाठी काढणं म्हणजे ढेकूण मारायला खाट जाळणं.

खरा आजार रिपोर्टातल्या वरच्या ओळीत आहे आणि त्याच्याबद्दल तुम्ही एक प्रश्नही विचारलेला नाही.

माझी एक चूक सांगतो. बारा-तेरा वर्षं झाली असतील. चाळिशीतला एक शेतमजूर, आयजीए नेफ्रोपॅथी हा किडनीच्या गाळण्यांचा आजार, लघवीत रक्त आणि प्रोटीन. सुई जरा खोल गेली होती, त्यामुळे किडनीच्या आतल्या भागाचा तुकडा आला आणि त्यात एक मिलिमीटरची तंतुमय वाढ दिसली. रेनोमेड्युलरी इंटरस्टिशियल सेल ट्यूमर असं तिचं लांबलचक नाव. नावात ट्यूमर आहे, पण शवविच्छेदनात जवळपास निम्म्या प्रौढांत ती सापडते. मी वॉर्डातून चालता चालता त्याच्या साडूला म्हणालो, ‘एक बारीकशी गाठही दिसली, ती काही नाही हो, महत्त्वाचं ते दुसरं आहे.’ साडूने ‘गाठ’ तेवढं ऐकलं. दुसऱ्या दिवशी ते निघून गेले. चौदा महिन्यांनी तो माणूस परत आला, चेहरा फुगलेला, क्रिएटिनिन ८.६. मधल्या काळात एका वैदूकडून गाठ विरघळायची पूड घेत होते, ब्लडप्रेशरची गोळी बंद. ‘तुमीच त सांगतलं होतं ना साहेब, गाठ हाय म्हून.’ सोनोग्राफीत गाठबीठ काही नव्हतं. दोन्ही किडन्या मात्र वाळल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला यायचा, सकाळच्या पहिल्या गाडीने. तेव्हापासून असा रिपोर्ट आला की मी खुर्ची ओढून बसतो, आधी मुख्य आजार सांगतो आणि फाइलच्या पहिल्या पानावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहितो, ‘कॅन्सर नाही.’

तर मेम्ब्रेनस. गाळणीच्या पडद्यावर शरीराच्याच प्रतिपिंडांचा थर बसतो आणि रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन लघवीत गळतं. लघवीचा फेस आणि पायांची सूज त्यातूनच. गाळणीतलं पीएलए२आर नावाचं प्रोटीन हे त्या प्रतिपिंडांचं मुख्य लक्ष्य आहे हे २००९ मध्ये कळलं. ते पॉझिटिव्ह असलं की आजार बहुधा स्वतंत्र असतो, दुसऱ्या कशामुळे आलेला नसतो. हे तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. कारण वयस्कांत मेम्ब्रेनस कधी कधी शरीरात दुसरीकडे लपलेल्या कॅन्सरमुळे होतो, आणि ‘अॅडेनोमामुळेच हे झालं का’ असं कुणीतरी तुम्हाला विचारणारच. अॅडेनोमामुळे होत नाही. तरीही छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी आणि वयानुसार लागणाऱ्या तपासण्या करतोच. बाबा खर्रा खात असतील तर तोंड पूर्ण उघडून गालाच्या आतली बाजू दाखवा. बोटं आत जात नसतील, पांढरा चट्टा असेल तर दंतवैद्याकडे किंवा कान-नाक-घसावाल्यांकडे. किडनीतल्या दोन मिलिमीटरची धास्ती घेणारी माणसं गालात सुपारी-तंबाखू-चुन्याची गोळी ठेवून माझ्यासमोर बसतात, तेव्हा काय बोलावं कळत नाही.

पायदुखीसाठी, ताकदीसाठी कुठलं भस्म, पुडी घेतली होती का तेही आठवा. पारा असलेल्या देशी औषधांनी मेम्ब्रेनस होतो. त्यात बहुधा पीएलए२आर निगेटिव्ह असतो आणि नेल-१ नावाचं दुसरं लक्ष्य सापडतं. बाबांचं तसं दिसत नाही, पण पुडी चालू असेल तर बंद करा.

उपचार थांबवायचं कारण नाही. लोसार्टन किंवा टेल्मिसार्टनसारखी प्रोटीनची गळती कमी करणारी गोळी, सुजेसाठी लघवीची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, मीठ कमी. यातल्या कशाचंच अॅडेनोमाशी वाकडं नाही. स्टेरॉइडबरोबर सायक्लोफॉस्फामाइड एकाआड एक महिना देणं, किंवा रिटुक्सिमॅब, अशी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं हे पुढचं पाऊल. किडनीचं काम चांगलं असेल तर त्याआधी सहा महिने वाट पाहायची रीत आहे, कारण साधारण तीनांतल्या एकाचा मेम्ब्रेनस आपोआप ओसरतो. म्हणजे सोनोग्राफीसाठी आठ-पंधरा दिवस गेल्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते साध्या गोळ्या बंद ठेवल्याने. आणि सोनोग्राफी स्वच्छ आली तर अॅडेनोमामुळे पुढची औषधं मी अडवत नाही.

मला बाबांची खरी काळजी वाटते ती अल्ब्युमिन २.४ मुळे. अडीचच्या खाली रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते. एकच पाय अचानक जास्त सुजला आणि पोटरी दुखू लागली, धाप लागली, किंवा कमरेच्या बाजूला जोरात दुखून लघवी लाल झाली, तर वेचणी असो की पोळा, त्याच दिवशी दवाखाना. रक्त पातळ करायची गोळी द्यायची का हे डॉक्टर ठरवतील. बायोप्सी नुकतीच झालेली असल्याने तिथे तारीख महत्त्वाची, ती सांगायला विसरू नका.

‘योगायोगाने दिसलेली गाठ’ म्हणून लोक आणखीही काही घेऊन येतात, त्यांतलं अँजिओमायोलायपोमा थोडं सांगायला हवं. रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबी यांची ही सौम्य गाठ, बायकांत जास्त. सोनोग्राफीत पांढरी चमकते, सीटीत चरबी दिसली की बहुतेक वेळा निदान तिथेच संपतं. इथे मात्र सुई जपून, कारण तिच्या रक्तवाहिन्या कच्च्या असतात. बायोप्सीआधीच्या सोनोग्राफीत असा पांढरा ठिपका दिसला तर मी दुसऱ्या बाजूची किडनी निवडतो. चार सेंटिमीटरच्या पुढे गेली की आपोआप रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो, गरोदरपणात तर जास्तच. मग तिचा रक्तपुरवठा बंद करण्याचा विचार होतो, आणि त्यासाठी नागपूर गाठणं योग्य. अशा गाठी दोन्हीकडे अनेक असतील आणि चेहऱ्यावर पुरळासारखे उंचवटे, लहानपणापासून फिट्स असतील तर ट्यूबरस स्क्लेरोसिस हा आनुवंशिक आजार आहे का ते बघायचं.

ऑन्कोसायटोमा ही किडनीतली आणखी एक गाठ, तीही सौम्यच, पण सुईच्या तुकड्यावर तो आणि क्रोमोफोब जातीचा कॅन्सर वेगळा ओळखणं कठीण जातं. रिपोर्टात तसा शब्द असेल तर दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घ्या. त्यासाठी, आणि तुमच्यासाठीही, लॅबमध्ये मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड सांभाळून ठेवलेल्या असतात. लेखी अर्ज करून मागता येतात. कागदाच्या फोटोवर दुसरं मत मिळत नाही, काच लागते.

साधं पाण्याचं सिस्ट, जे सोनोग्राफीत दर चौथ्या-पाचव्या म्हाताऱ्याला निघतं, त्याच्यासाठी मला फोन करू नका.

घरी करायचं काम एक. बाबांचं वजन दर आठवड्याला, त्याच काट्यावर, सकाळी लघवीला जाऊन आल्यावर. घरी काटा नसेल तर किराणा दुकानातला पोती मोजायचा काटाही चालतो, माझे बरेच पेशंट तिथेच वजन करतात. पाय सुजण्याच्या आधी वजन वाढतं. कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात आकडा लिहा आणि पुढच्या वेळी फाइलसोबत ते पान फाडून आणा.